अफवा एका थरात, बंदी दुसऱ्याच थरात

'अफवा रोखण्यासाठी इंटरनेट सेवा बंद.' ही ओळ आम्ही बातमीदार इतक्यांदा लिहिलीय की आता हात आपोआप चालतो. पण या एका ओळीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यात. अफवा असते एका थरात, बंद होतो भलताच थर. हे थर कुठून आले ते बघू. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

१९७० च्या दशकात प्रत्येक मोठ्या कंपनीच्या कॉम्प्युटरची बोली वेगळी होती. आयबीएमने १९७४ मध्ये एसएनए ही स्वतःची पद्धत आणली, डेक कंपनीने १९७५ मध्ये डेकनेट. एकदा एका कंपनीचं मशीन घेतलं की पुढचं सगळं तिच्याच दारातून. यावर उपाय म्हणून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७७ मध्ये काम हाती घेतलं. समितीचे अध्यक्ष होते चार्ल्स बाकमन. नेटवर्कवरच्या संवादाचं काम सात थरांत वाटलं गेलं आणि १९८४ मध्ये ते 'ओएसआय मॉडेल' म्हणून प्रसिद्ध झालं. सगळ्यात खाली तार, सगळ्यात वर ॲप्लिकेशन. कॉम्प्युटर शिकणारी पोरं परीक्षेसाठी पाठ करतात ते सात थर हेच.

थर कशासाठी? आमच्याच धंद्यातलं उदाहरण देतो. बातमीदार बातमी लिहितो, प्रेस छापते, गठ्ठा एसटीत पडतो, विक्रेता अंक वाटतो. एसटीच्या ड्रायव्हरला अग्रलेख कुणाच्या विरोधात आहे याच्याशी देणंघेणं नसतं. गठ्ठ्यावर गावाचं नाव दिसलं की त्याचं भागलं. उद्या एसटीऐवजी टेम्पो लावला तरी संपादकाला अग्रलेख बदलावा लागत नाही. थरांचं तत्त्व एवढंच: आपलं काम करा, शेजारच्या थराशी ठरलेल्या रीतीने बोला, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नका.

पण समिती सात थरांचे मसुदे करत होती तेव्हा अमेरिकेत दुसरी मंडळी आधी चालवून बघत होती. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना जोडण्याची पद्धत १९७४ मध्ये मांडली. सुरुवातीला ते एकच काम होतं, टीसीपी. मग लक्षात आलं की फाइल पाठवताना एकही तुकडा हरवून चालत नाही, पण आवाज पाठवताना एखादा तुकडा गळाला तर चालतं, उशीर चालत नाही. म्हणून १९७८ मध्ये त्याचे दोन थर केले. पत्ता बघून पुढे ढकलणारा आयपी आणि सगळं नीट पोचलं का ते बघणारा टीसीपी. हा थर गरजेतून पडला, ठरावातून नाही. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट पूर्णपणे या पद्धतीवर आलं. त्याच वर्षी बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समधून ती विद्यापीठांत पसरली.

गंमत बघा. ज्या अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून टीसीपी/आयपी उभं राहिलं, त्याच देशाच्या सरकारने १९९० मध्ये आपल्या खात्यांच्या खरेदीसाठी ओएसआय सक्तीचं केलं. १९९५ मध्ये ही सक्ती मागे घ्यावी लागली. लोक चालू गोष्टीकडे गेले होते. आपल्याकडेही १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेटमध्ये, म्हणजे मुंबईची एनसीएसटी, आयआयटी वगैरे संस्था जोडणाऱ्या नेटवर्कमध्ये, दोन्ही पद्धती होत्या. अखेर टिकली टीसीपी/आयपीच. ओएसआय बाजारात हरलं, पण त्याची भाषा जिंकली. आजही बिघाड शोधणारा इंजिनिअर 'कुठल्या लेअरला प्रॉब्लेम आहे?' असंच विचारतो.

आता पुन्हा बंदीकडे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून तणाव झाला आणि इंटरनेट बंद केलं गेलं. स्टेटस हा सगळ्यात वरच्या, ॲप्लिकेशनच्या थरातला मामला. बंद झाली ती खालची वाहतूक. म्हणजे एका अंकात आक्षेपार्ह मजकूर आहे म्हणून सगळ्या एसट्या डेपोत उभ्या. त्याच रस्त्याने जाणारे यूपीआयचे पैसे, ऑनलाइन फॉर्म, डॉक्टरला पाठवलेला रिपोर्ट आणि अफवा खोटी आहे हे सांगणारी बातमीसुद्धा अडकते.

प्रशासनाची अडचण खोटी नाही. आज बहुतेक मेसेज कुलूपबंद जातात, वाटेतल्या कंपनीला आतलं वाचता येत नाही. दंगल पेटत असताना मजकूर निवडून काढायला वेळही नसतो. पण म्हणूनच मोजमाप हवं. 'काश्मीर टाइम्स'च्या संपादक अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने १० जानेवारी २०२० ला सांगितलं की बेमुदत इंटरनेट बंदी चालणार नाही, बंदी कारणाच्या प्रमाणात हवी आणि आदेश प्रसिद्ध करावे लागतील.

तेव्हा माझ्यासकट सगळ्या बातमीदारांना एक सांगणं. पुढच्या वेळी ती ओळ लिहिण्याआधी आदेशाची प्रत मागू. किती तास, किती तालुके, कुठल्या कारणासाठी आणि वरच्या थरात काही करून बघितलं का, हे चार प्रश्न विचारू. तुमच्या भागात बंदीचा आदेश कधी वाचायला मिळाला होता का? कमेंटमध्ये सांगा.