लिंडेनचे जैविक विघटन

लिंडेन हा हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन (एचसीएच) या संश्लिष्ट कीटकनाशकाचा गॅमा समघटक. मृदेतील काही जीवाणू त्यातील क्लोरीन टप्प्याटप्प्याने काढून उरलेल्या कार्बनचा अन्न म्हणून उपयोग करतात. या क्रियेला लिंडेनचे जैविक विघटन म्हणतात.

प्रदूषणाचे स्वरूप : प्रकाशाच्या साहाय्याने बेंझिनचे क्लोरिनीकरण केल्यास एचसीएच समघटकांचे मिश्रण मिळते. भारतात ते ‘बीएचसी पावडर’ म्हणून सर्वत्र वापरले जाई. त्यातील कीटकनाशक गुण मुख्यत्वे गॅमा समघटकाचा. पण त्याचे प्रमाण साधारण १०–१५ टक्केच असते. त्यामुळे शुद्ध लिंडेन वेगळे केल्यावर त्याच्या कित्येक पट टाकाऊ समघटक उरतात. कारखान्यांभोवती साचलेले त्यांचे ढीग भूजल दूषित करतात. भारताने मिश्र एचसीएचवर १९९७ मध्ये बंदी घातली. २००९ मध्ये लिंडेन, आल्फा व बीटा एचसीएच यांचा टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरील स्टॉकहोम कराराच्या यादीत समावेश झाला.

जीवाणू व विघटनमार्ग : भारतात उसाच्या मुळांलगतच्या मातीतून मिळालेला स्फिंगोबियम इंडिकम बी९०ए आणि जपानमधील स्फिंगोबियम जॅपोनिकम यूटी२६ यांचा विशेष अभ्यास झाला आहे. ‘लिन’ जनुकांपासून तयार होणारी एंझाइमे विघटनाचे काम करतात. लिन-ए हे एंझाइम लिंडेनच्या रेणूतून हायड्रोजन क्लोराइड दोनदा काढून टाकते. लिन-बी आणखी दोन क्लोरीन अणूंच्या जागी हायड्रॉक्सिल गट आणते. पुढे कार्बनचे वलय तुटते आणि त्याचे तुकडे पेशीच्या ऊर्जाचक्रात शिरतात. दूरदूरच्या देशांतील जीवाणूंमध्ये ही जनुके जवळजवळ सारखी आढळतात. आयएस६१०० या चल जनुकघटकाच्या सान्निध्यामुळे ती एका जीवाणूतून दुसऱ्यात गेली असावीत, असे मानतात.

मर्यादा : बीटा समघटकाचे सहाही क्लोरीन अणू वलयाच्या प्रतलालगत असल्याने लिन-एला तो फोडता येत नाही. लिन-बीमुळे त्याचे हायड्रॉक्सिलयुक्त पदार्थ बनतात, पण ते बहुधा तसेच साचून राहतात.

उपयोजन : दूषित मातीत ओलावा, हवा व पोषकद्रव्ये राखून स्थानिक जीवाणूंची वाढ करणे किंवा प्रयोगशाळेत वाढवलेले जीवाणू मिसळणे, या दोन पद्धती आहेत. लिंडेन नाहीसे झाले, एवढ्यावरून माती शुद्ध झाली असे समजणे घातक ठरते. बीटा समघटक व मधले क्लोरीनयुक्त पदार्थही तपासल्याशिवाय ती शेतीसाठी खुली करू नये.