मिनिटाचा भाव

आमच्या घरात फोनवर ओरडून बोलायची रीत अण्णांनी पाडली. अण्णा म्हणजे वडिलांचे काका. ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस या सरकारी खात्यात, दौंडच्या केंद्रावर त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. ‘विलायतेचा आवाज आधी दौंडला उतरायचा, मग मुंबईला जायचा,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्हा पोरांना ती थाप वाटे. दौंड म्हणजे गाडी बदलायचं जंक्शन, तिथे लंडन कुठून येणार?

पण अण्णा खरं तेच सांगत होते. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी संदेशांची सेवा सुरू झाली, तेव्हा संदेश पाठवायचं केंद्र खडकीला होतं आणि घ्यायचं दौंडला. १९३३ मध्ये त्याच वाटेने मुंबई आणि लंडन एकमेकांशी टेलिफोनवर बोलू लागले. हा आवाज लघुलहरींवर यायचा. या लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरांवरून परतून खाली येतात आणि ते थर दिवसरात्रीप्रमाणे, ऋतूप्रमाणे बदलत राहतात. त्यामुळे आवाज मधेच खोल जाई, मधेच वर येई. ‘सूर्यावर डाग पडले की आमची पंचाईत,’ असं अण्णा म्हणत. त्यांचं ओरडणं त्या दिवसांतलं. पुढे समोरचा माणूस शेजारच्या गल्लीत असला तरी त्यांचा सूर उतरला नाही.

आजीच्या गोष्टी देशातल्या देशातल्या ट्रंक कॉलच्या. फोन शेजाऱ्यांकडे. नंबर नोंदवायचा आणि त्यांच्या ओटीवर बसून राहायचं. ऑर्डिनरी कॉल लागेल तेव्हा लागेल; घाई असेल तर अर्जंट, त्याहून घाई असेल तर लाइटनिंग, आणि त्याप्रमाणे पैसे चढत जाणार. ‘लाइटनिंग कॉल आला की बायका आधी रडायला लागायच्या, मग विचारायच्या कोण गेलं,’ असं आजी सांगे. तीन मिनिटं झाली की ऑपरेटरबाई मधे बोलत. म्हणून आजी काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेई. आत्याचं लग्न ठरलं त्या कॉलचा कागद तिने जपून ठेवला होता. त्यावर मुहूर्त, हॉल, मानपान, ‘मामांना कळवा’ आणि सगळ्यात शेवटी ‘तब्येत विचारणे’. हे शेवटचं कलम राहूनच गेलं, असं आत्या अजून हसत सांगते.

१९७१ मध्ये नारायणगावजवळच्या आर्वीला देशातलं उपग्रहामार्फत परदेशी दळणवळणाचं पहिलं व्यावसायिक केंद्र सुरू झालं. भोवती डोंगर असल्यामुळे इतर लहरींचा गोंगाट तिथे पोचत नव्हता. पुढे विक्रम साराभाईंचं नाव त्या केंद्राला मिळालं. अण्णा मुद्दाम एसटीने जाऊन तिथली अँटेनाची प्रचंड थाळी बघून आले आणि घरी येऊन म्हणाले, ‘आता सूर्याची मर्जी सांभाळायला नको.’ आवाज स्वच्छ झाला. दर मात्र चढेच राहिले. मग आयएसडी आलं, पिवळ्या पाट्यांचे बूथ आले, आणि त्या बूथमध्ये काचेपलीकडे लाल आकडे पळवणारा मीटर आला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेशी बोलायला मिनिटाला साठ रुपयांच्या आसपास पडत. आत्याचा मुलगा, आमचा दादा, तेव्हा न्यूजर्सीला होता. मीटरकडे बघत बोलणारी आत्या ‘बरा आहेस ना, जेवतोस ना, ठेवते’ यापुढे जात नसे.

यावर तोड दादाने काढली. व्होकलटेक या इस्रायली कंपनीने १९९५ च्या फेब्रुवारीत ‘इंटरनेट फोन’ नावाचा प्रोग्राम विकायला काढला होता. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पण ते घरोघर पोचलं १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाल्यावर. आमच्याकडेही मग मोडेम आला. दादाने ई-मेलने वेळ कळवायची, रविवारी सकाळी सातची, म्हणजे त्याची शनिवारची रात्र. दोन्हीकडे संगणक चालू करायचे, मोडेमची किरकिर संपेपर्यंत थांबायचं आणि माइक तोंडाशी धरायचा. खर्च काय तो इंटरनेटच्या तासांचा आणि स्थानिक कॉलचा.

त्यामागची करामत अण्णांनी दादाकडून खोदून खोदून समजून घेतली. टेलिफोन एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला आठ हजार नमुने घेतं, त्याचे चौसष्ट हजार बिट होतात. घरच्या मोडेममधून तेवढे जाणं शक्यच नव्हतं. म्हणून प्रोग्राम आवाज पिळून दहाव्या हिश्शावर आणतो, त्याचे सेकंदाच्या तीस-चाळिसाव्या भागाएवढे तुकडे करतो आणि प्रत्येकावर पत्ता घालून सोडून देतो. ज्याला जी वाट मिळेल त्या वाटेने ते जातात आणि पलीकडे क्रमाने लावले जातात. उशिरा आलेला तुकडा टाकून देतात. तिथे शब्द गिळला जातो. आमच्या संगणकातलं साउंड कार्ड जुनं होतं, एका वेळी एक तर ऐकवी नाही तर बोलू देई. दोघं एकदम बोलले की सगळा घोळ. अण्णांनी पहिल्याच रविवारी माइक हातात घेतला आणि वाक्य संपताच म्हणाले, ‘ओव्हर’. पुढची दोन वर्षं आमचं सगळं कुटुंब ‘ओव्हर’ म्हणत अमेरिकेशी बोललं.

गंमत अशी, की इंटरनेटवरून आवाजी फोन करायला तेव्हा परवानगी नव्हती. परदेशी कॉलचा मक्ता त्याच सरकारी कंपनीचा होता. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेले, बसचं तिकीट घरी पोचेपर्यंत खिशात ठेवणारे अण्णा नातवाशी मात्र बेधडक बोलत. १ एप्रिल २००२ पासून मक्ता संपला आणि इंटरनेट टेलिफोनीही अधिकृत झाली. संगणकावरून संगणकाला कुठेही, संगणकावरून परदेशातल्या फोनला. पण संगणकावरून इथल्याच फोनला तेव्हा परवानगी नव्हती. म्हणजे न्यूजर्सीला चालेल, नाशिकला नाही! पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये स्काइप आलं. संस्थापक एक स्वीडनचा, एक डेन्मार्कचा. प्रोग्राम लिहिणारे एस्टोनियातले. ५ मे २०२५ ला तेही बंद झालं.

पण खरा बदल वेगळाच झाला. मीटर गेल्यावर आत्या आणि दादा यांचं पहिल्यांदा फोनवर भांडण झालं. चांगलं अर्धा तास. मिनिटाला साठ रुपये मोजून कोणी भांडत नाही, रुसत नाही आणि गप्प तर मुळीच बसत नाही. पुढे पुढे आत्या माइक ओट्यावर ठेवून पोळ्या लाटायची आणि दादा तिकडे आपलं काम करत राहायचा. बोलणं असं काही नसेच. आजीच्या कागदावरचं शेवटचं कलम आता सगळ्यात आधी येऊ लागलं. फोन स्वस्त झाल्याने बोलणं सवंग झालं, अशी तक्रार आपण ऐकतो. मला ती पटत नाही. महाग फोनने निरोप पोचत होते. माणसं पोचली ती फोन स्वस्त झाल्यावर.

ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या, ‘तीन मिनिटं झाली’ म्हणणाऱ्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. दौंड-आर्वीला नोकऱ्या केलेली माणसंही थकत चालली आहेत. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर त्यांना फोन करा, आणि त्यांचं सांगून होईपर्यंत ठेवू नका. आता मिनिटाला काही पडत नाही.