हिरो गावचा बांध

सुनामी हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला तो २६ डिसेंबर २००४ नंतर. आज आपण त्याच्याही दीडशे वर्षे मागे जाऊ, जपानमधल्या हिरो नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात.

२४ डिसेंबर १८५४. संध्याकाळी मोठा भूकंप झाला आणि समुद्र गावात घुसला. अंधारात लोकांना वाट दिसेना. गावातले सोया सॉसचे व्यापारी हामागुची गोर्यो यांनी शेतातल्या भाताच्या पेंढ्याच्या उडव्या पेटवल्या. त्या उजेडाच्या दिशेने लोक उंचावरच्या देवळाकडे धावले आणि बहुतेक जण वाचले. पुढे ही गोष्ट जपानच्या शाळेच्या पुस्तकातही आली.

पण आम्हांला त्यापुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. घरे गेली, होड्या गेल्या, हाताला काम नाही. लोक गाव सोडायच्या बेतात होते. तेव्हा गोर्यो यांनी स्वतःच्या पैशाने किनाऱ्यावर बांध घालायला घेतला आणि गावकऱ्यांनाच मजुरी दिली. आपल्याकडे दुष्काळात रोजगार हमीवर नाला बांध झाले, तसेच हे. पोटही भरले आणि गावही टिकले. सुमारे चार वर्षांत ५ मीटर उंच, ६०० मीटर लांब बांध उभा राहिला. त्यावर झाडे लावली.

२१ डिसेंबर १९४६ च्या पहाटे पुन्हा सुनामी आली. गोर्यो जाऊन साठ वर्षे झाली होती, पण बांधाने गावाचा मोठा भाग वाचवला. बांधाबाहेरच्या भागात मात्र माणसे दगावली. आजही तिथे दरवर्षी सुनामीचा उत्सव होतो आणि शाळेची मुले बांधावर माती टाकतात. उडव्या पेटवल्या तो दिवस त्यांच्या जुन्या पंचांगात अकराव्या महिन्याची ५ तारीख होता. म्हणून ५ नोव्हेंबर हा जागतिक सुनामी जागृती दिन ठरला.

आपल्या किनाऱ्याचे काय? २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरानच्या समुद्रात भूकंप झाला. काही तासांनी लाटा मुंबईपर्यंत आल्या, माणसे वाहून गेली. म्हणजे जमीन आपल्या पायाखाली हलेलच असे नाही. आता हैदराबादच्या केंद्रातून सुनामीचा इशारा निघतो. पण तो शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्या आजीपर्यंत कोण नेणार?

हे आधीच ठरवायला हवे. गटाच्या पुढच्या बैठकीत कर्जाचा हिशेब झाला की तीन गोष्टी लिहून काढू. वाडीत एकटे, आजारी, बाळंतीण कोण आहे? उंचावर जायची जवळची पायवाट कोणती? कोणाच्या घरी कोण जाणार? मग एकदा सगळ्यांनी ती वाट चालून बघू. आणि लक्षात ठेवू, पहिली लाट ओसरली म्हणून खाली यायचे नाही. मागची लाट तिच्याहून मोठी असू शकते.