मालकाला धक्का लागतो तेव्हा : नॉर्मन विज्डमचे विनोदी सिनेमे आणि जात-वर्गाचा जुना वाद

काही महिन्यांपूर्वी एका कार्यकर्ता शिबिरात 'वर्ग म्हणजे काय' या सत्रात एका ज्येष्ठ डाव्या कार्यकर्त्यांनी आम्हाला १९५३ सालच्या 'ट्रबल इन स्टोअर' या ब्रिटिश सिनेमाचे काही प्रसंग दाखवले. सुरुवातीला एक आलिशान मोटार दिसते. नॉर्मन नावाचा माणूस आत ऐटीत बसला आहे असे वाटते. मोटार पुढे सरकते आणि कळते की हा आत नव्हताच, मोटारीला खेटून सायकलवर होता. सगळे हसले, मीही हसले. मग कॉम्रेड म्हणाले, "बघा ताई, वर्ग हा असा असतो. अल्बेनियाच्या कम्युनिस्टांना हे कळले होते. तुम्ही लोक मात्र अजून जात जात करत बसला आहात."

जेवणाची वेळ झाली होती, उत्तर द्यायचे राहून गेले. नंतर मी या माणसाचे मिळतील तेवढे सिनेमे पाहिले. कॉम्रेडांचे आभार मानायला हवेत, कारण सिनेमे खरोखर मजेदार आहेत. पण ते पाहिल्यावर माझे मत त्यांच्या नेमके उलट झाले.

आधी हा नॉर्मन कोण ते सांगते. नॉर्मन विज्डम, जन्म १९१५, लंडनच्या मॅरिलबोन भागातला. बाप दुसऱ्यांच्या मोटारी चालवायचा, आई कपडे शिवायची. घर गरीब, बाप तापट, पुढे आईबाप वेगळे झाले आणि पोरे वाऱ्यावर पडली. पोरवयातच कामाला लागणे, उघड्यावर झोपणे, पोटासाठी जहाजावर पोऱ्या म्हणून जाणे हे सगळे त्याने केले. तेव्हा ब्रिटनमधली गरिबी खोटी होती असे मला म्हणायचे नाही. तो मालकापुढे बावरतो, अडखळतो, टोपी सांभाळतो, त्यात त्याचे स्वतःचे बालपण आहे.

त्याचा सिनेमातला वेषही हेच सांगतो. आखूड, अंगाला तंग झालेला कोट, वाकडी टोपी, कशीतरी बांधलेली गळ्यातली टाय. 'ट्रबल इन स्टोअर'मध्ये तो एका मोठ्या दुकानाच्या गोदामात काम करतो. त्याचे स्वप्न काय, तर दुकानाची दर्शनी काच सजवणारा व्हावे. नव्या मालकाला तो ओळखत नाही आणि त्याच्याशी बरोबरीच्या माणसासारखा वागतो. मालक त्याला काढून टाकतो, परत घेतो, परत काढतो. शेवटी दुकानावर पडणारा दरोडा हाच गडी उधळून लावतो. १९५६ च्या 'अप इन द वर्ल्ड'मध्ये तो सरदारघराण्याच्या वाड्यात खिडक्या पुसतो, १९६३ च्या 'अ स्टिच इन टाइम'मध्ये खाटकाच्या दुकानात हाताखाली काम करतो, १९६५ च्या 'द अर्ली बर्ड'मध्ये दूध घालतो. धंदा बदलतो, जागा तीच : सगळ्यात खालची पायरी.

वरच्या पायरीवर बहुतेक वेळा जेरी डेस्मंड नावाचा नट असतो. उंच, रुबाबदार, परीटघडीचे कपडे, नाकातून निघणारे खानदानी इंग्रजी. गंमत अशी की हा डेस्मंड काही उमराव नव्हता. मिडल्सबरो या कारखान्यांच्या गावातला, रंगमंचावर गाणी-नकला करून पोट भरणाऱ्या कुटुंबातला. सूट चढवला, बोली बदलली, झाला साहेब! प्रेक्षकांनाही ते चालत होते, कारण ब्रिटनमध्ये साहेब हा असाच ओळखला जातो : कपड्यावरून, बोलण्यावरून, शाळेवरून. १९५८ च्या 'द स्क्वेअर पेग'मध्ये तर रस्ता दुरुस्त करणारा पिटकिन जर्मन सेनापतीचा गणवेश घालतो आणि सैन्य त्याला सलाम ठोकते. दोन्ही भूमिका विज्डमच्याच. हा विनोद कशावर उभा आहे? गणवेश उतरवला की सेनापती आणि मजूर यांच्या शरीरात फरक नाही, हे बघणाऱ्याने आधीच मान्य केले आहे यावर. आपल्याकडे सूट घातलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत "पूर्ण नाव काय?" असे विचारतात. आडनावात नाही कळले तर गाव विचारतात.

आता मुद्द्यावर येते. या प्रकारच्या विनोदाला स्लॅपस्टिक म्हणतात. धडपड, आपटाआपटी, पाण्याचे फवारे, शिडीवरून पडणे, पडताना दुसऱ्याला धरून त्यालाही पाडणे. याचे व्याकरण स्पर्शाचे आहे. नोकर मालकाच्या अंगावर पडला पाहिजे, त्याच्या कोटाला चिखल लागला पाहिजे, दोघे एका ढिगाखाली सापडले पाहिजेत. तेवढ्या क्षणापुरती उतरंड आडवी होते आणि म्हणून हसू येते. मालक चिडतो ते कोट खराब झाला म्हणून, अब्रू गेली म्हणून, काम बिघडले म्हणून. 'हा मला शिवला' म्हणून तो चिडत नाही. घरी जाऊन अंघोळ करावी लागेल ती चिखलाची, माणसाची नाही.

हीच धडपड त्याच काळातल्या आपल्या गावात लावून बघा. नॉर्मन बारा वर्षांचा होता तेव्हा, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. तळे मोडले नव्हते, कोणाच्या कोटावर शिंतोडा उडाला नव्हता. तरी माणसांना मारहाण झाली, आणि नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे तळ्यात ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. या प्रसंगावर स्लॅपस्टिक काढता येत नाही. जिथे नुसता हात लागण्याला शिक्षा आहे, तिथे धक्का लागण्याला हसणार कोण? मारणारा हसेल फार तर.

कॉम्रेड म्हणतील, हे गावाचे झाले, कारखान्यात मजूर मजूरच असतो. म्हणून कारखान्याचेच उदाहरण घेते, आणि ब्रिटनलाही सोबत घेते. जुन्या मागावर कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून सूत बाहेर काढायला विणकर तोंड लावून ते ओढून घेत असे. लँकेशायरच्या गिरण्यांत हेच चाले, मुंबईच्या गिरण्यांतही हेच. लँकेशायरमध्ये एकाच धोट्याला अनेक बायका तोंड लावत. त्याविरुद्ध ओरड झाली ती रोग पसरतो, दात किडतात म्हणून, आणि १९५२ साली ही पद्धत नियम करून बंद झाली ती आरोग्याच्याच कारणाने. मुंबईत त्याच धोट्याने काय केले? अस्पृश्याचे उष्टे सूत तोंडात कसे घ्यायचे, या कारणाने जास्त मजुरी मिळणारे विणकाम खाते आमच्या माणसांना बंद राहिले. ते बंद ठेवणारे मालक एकटे नव्हते, शेजारचा सवर्ण मजूरही त्यात होता. १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला, तो यासाठीच. यंत्र एक, कृती एक, भांडवलशाही एक. लँकेशायरच्या मजुराला त्यातून रोग मिळाला, आमच्या आजोबा-पणजोबांना बंद दार मिळाले. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिले. त्यामागे असे रोकडे अनुभव होते. आणि बाबासाहेब वर्गविरोधी नव्हते हेही सांगायला हवे. स्वतंत्र मजूर पक्ष त्यांनीच काढला, ७ नोव्हेंबर १९३८ चा संप त्यांनी कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून केला.

अल्बेनियाचे काय, हा प्रश्न उरतोच. तिथे एन्वर होजाची राजवट होती, १९४४ ते १९८५. पाश्चात्त्य सिनेमांना बंदी, पण विज्डमच्या सिनेमांना परवानगी. कारण असे दिले जाते की यात साधा कामगार भांडवलदाराला नामोहरम करतो. अख्खा देश या माणसाला 'पिटकिन' म्हणून ओळखू लागला. १९९५ साली विज्डम तिथे गेला तेव्हा त्याचे राष्ट्रीय पाहुण्यासारखे स्वागत झाले. २००१ मध्ये इंग्लंडचा फुटबॉल संघ तिरानाला खेळायला गेला, तर लोकांना नावाजलेल्या खेळाडूंपेक्षा या शहाऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचेच कौतुक. त्याने अर्धा इंग्लंडचा आणि अर्धा अल्बेनियाचा असा सदरा घातला होता.

पण होजाने सिनेमा नीट पाहिला होता का, याची मला शंका आहे. नॉर्मनला मालक उलथवायचा नसतो, त्याला दर्शनी काच सजवायची असते. या सिनेमांत युनियन दिसत नाही, संप नाही. 'द अर्ली बर्ड'मध्ये तर तो ग्रिम्सडेल नावाच्या आपल्या छोट्या मालकासाठी जिवाचे रान करतो, मोठ्या डेअरी कंपनीच्या साहेबाचा गोल्फचा डाव उधळतो, शेवटी कंपनीच्या चकचकीत कचेरीत पाण्याचे लोट सोडतो. ही लढाई मोठ्या मालकाविरुद्ध लहान मालकाची आहे, मजूर फक्त राबतो आणि "मिस्टर ग्रिम्सडेल!" म्हणून हाका मारतो. गरिबाने प्रामाणिक राहावे, शेवटी साहेब खांद्यावर हात ठेवेल, एवढेच हा सिनेमा देतो. तरीही एक गोष्ट मी कबूल करते. खांद्यावर हात ठेवण्याचा तो शेवट तिथल्या प्रेक्षकाला खरा वाटू शकत होता.

विज्डमच्या आयुष्यात एक भारतीय पान आहे, आणि त्यावर शिबिरात कोणी बोलले नाही. पोटाची आग विझवायला तो पोरवयात सैन्याच्या बँडमध्ये भरती झाला आणि १९३० साली त्याची पलटण लखनौला आली. तिथे त्याला पोटभर जेवण मिळाले, शिक्षण मिळाले, वाद्ये वाजवायला शिकायला मिळाली. भारतातल्या ब्रिटिश सैन्याचा फ्लायवेट मुष्टियुद्ध विजेताही तो झाला. लंडनच्या रस्त्यावरच्या उपाशी पोराला साम्राज्याच्या सैन्याने माणूस केले.

सैन्याने माणूस केले, हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातच शिकले, सैन्याच्या शाळेत शिकवत राहिले, आणि त्या घरात भीमराव घडला. पण १८९२-९३ च्या सुमारास याच साम्राज्याने महारांची भरती बंद केली. तथाकथित लढवय्या जातींचे शास्त्र पुढे केले, आणि वरच्या जातीचे शिपाई आमच्यासोबत राहायला तयार नव्हते हेही त्यामागे होते. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात गरज लागली तेव्हा १११ महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर मोडून टाकली. म्हणजे नॉर्मन लखनौला बिगुल वाजवायला शिकत होता तेव्हा आमच्या पोरांना ते दार बंद होते. ते पुन्हा उघडले १९४१ साली, महार रेजिमेंटच्या रूपाने, त्यासाठी बाबासाहेबांना झगडावे लागले. नॉर्मनचा मला राग नाही. एकाच सरकारच्या एकाच खात्यात एका गरिबाला शिडी होती आणि दुसऱ्याला भिंत, एवढेच मला कॉम्रेडांना दाखवायचे आहे.

शेवटी दुधाबद्दल. मी ज्या बचतगटांबरोबर काम करते, त्यातल्या आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी कर्ज काढून म्हैस घेतली. दूध चांगले, फॅट चांगली. संकलन केंद्रावर दूध जाते, तिथे अडचण येत नाही, कारण कॅनमध्ये पडल्यावर कोणाचे दूध कोणते ते कळत नाही. पण गावातल्या घरांत रतीब लावायचा प्रयत्न केला तर एकही घर मिळाले नाही. कोणी नाही म्हणाले नाही. एकीचा रतीब आधीच लागलेला, दुसरीच्या घरी दूध लागत नाही, तिसरीने पुढच्या महिन्यात बघू सांगितले.

या मावशी आणि गटातल्या इतर बायकांना मी 'द अर्ली बर्ड' मोबाइलवर दाखवला. भाषा कळत नव्हती, तरी घोडी बघून, माणूस पडला की, सगळ्या खदखदून हसल्या. मला वाटले, आता मी माझा मुद्दा सांगते : बघा, याच्या हातचे दूध सगळी गोरी घरे पितात. मी सुरुवात केली तेवढ्यात मावशींनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, मागे नेला, पुन्हा पाहिले.

"हा बाटली दारातच ठेवतोय ना गं?" त्या म्हणाल्या. "आत कुणी बोलावलं का त्याला?"

मी अजून त्यावर विचार करते आहे.