फॅन्सी गोल्डफिश : नांदेड व लातूर येथील घरगुती पालन

फॅन्सी गोल्डफिश म्हणजे सिप्रिनिडी कुलातील कॅरॅसियस ऑरॅटस या माशाचे, माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवलेले, आखूड व अंड्याच्या आकाराच्या शरीराचे आणि बहुधा जोडशेपटीचे प्रकार. गोदावरी-मांजरेच्या पट्ट्यात ओळखीचे असलेले रोहू, कटला व मृगळ याच कुलातले. मराठवाड्यात हा मासा पाळताना उन्हाळा आणि पाणीटंचाई या दोन्ही गोष्टींचा विचार आधी करावा लागतो. दोहोंना उत्तर एकच : मोठी टाकी आणि मोजके मासे.

इतिहास : या माशाचे मूळ चीनमध्ये. राखाडी-हिरवट रानमाशांत मधूनच निपजणारी तांबूस-सोनेरी पिल्ले सोंग राजवटीत (९६०–१२७९) तळ्यांत जपली जाऊ लागली. मिंग काळात मासे घरातील भांड्यांत आले आणि जोडशेपटीसारखी वैशिष्ट्ये टिकवून वाढवली गेली. १५९६ मध्ये चीनमध्ये गोल्डफिशवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला गेला. सतराव्या शतकापर्यंत हा मासा जपान व युरोपात पोहोचला. भारतात कोलकात्यालगतचा हावडा परिसर आणि चेन्नईचे कोलाथूर ही शोभिवंत माशांच्या पैदाशीची व व्यापाराची मोठी केंद्रे आहेत.

प्रकार : फॅन्टेल, पाठीला उंचवटा असलेला रायुकिन आणि डोक्यावर मांसल टोप असलेला ओरांडा हे नवशिक्याला सांभाळता येण्याजोगे. बाहेर आलेल्या डोळ्यांच्या ब्लॅक मूरला कमी दिसते. पाठीवर पर नसलेला रांचू आणि डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या असलेला बबल आय अनुभव आल्यावरच घ्यावेत. लांब शरीराचे कॉमेट व शुबुंकिन चपळ असतात आणि फॅन्सी माशांचे खाणे पळवतात, म्हणून त्यांना एकत्र ठेवू नये. काच साफ करतो म्हणून दिला जाणारा सकर मासाही नको. तो गोल्डफिशच्या अंगावरील चिकट आवरण ओरबाडतो. चांगली निगा राखल्यास फॅन्सी गोल्डफिश १० ते १५ वर्षे जगतो व १५ ते २० सेंमी. वाढतो.

टाकी : सुमारे ९० × ३८ × ३८ सेंमी. मापाच्या टाकीत साधारण १२० लिटर पाणी मावते. ती दोन माशांना पुरते. काच, खडी व पाणी मिळून वजन दीडशे किलोपेक्षा जास्त भरते, म्हणून स्टँड भक्कम व सपाट असावा आणि टाकीखाली थर्माकोल घालावा. काचेचा गोल बाऊल पूर्णपणे टाळावा. त्यात पाणी वाचते हा समज चुकीचा आहे : दहा लिटरच्या बाऊलचे पाणी रोज बदलले तर आठवड्याला ७० लिटर लागते, तर १२० लिटरच्या टाकीचे चौथाई पाणी आठवड्यातून एकदा बदलल्यास ३० लिटर. काढलेले पाणी तुळशीला व कुंड्यांना घालावे. त्यातील नायट्रेट झाडांना खत म्हणून उपयोगी पडते.

पाणी : मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग कमी घातक नायट्रेट बनवतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत एकदम बरेच मासे सोडणे हे नवशिक्यांचे मासे मरण्याचे प्रमुख कारण. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळावा. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यातील क्लोरीन मासे व जिवाणू दोघांनाही मारते. त्यासाठी अँटी-क्लोरीन वापरावे. बेसॉल्ट खडकातील बोअरचे पाणी बहुधा जड असते. गोल्डफिशला ते मानवते, पण अशा अल्कधर्मी पाण्यात, त्यातही उष्णता वाढल्यावर, अमोनिया अधिक विषारी होतो.

लातूरला मांजरा धरणातून, तर नांदेडला विष्णुपुरी प्रकल्पातून पाणी मिळते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात मत्स्यपालकाने आठवडाभराचे पाणी झाकलेल्या पिंपात राखून ठेवावे आणि ते पुरणार नसेल तर मासे वाढवू नयेत.

उन्हाळा : फॅन्सी गोल्डफिशला १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान सोयीचे. नांदेडमध्ये मे महिन्यात हवेचा पारा ४२ अंशांवर जातो. बालाघाटच्या पठारावरील लातूर थोडे सौम्य. पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर गेले की त्यात मावणारा प्राणवायू लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅमवरून साडेसातपर्यंत घटतो, आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते. टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून व खिडकीपासून दूर ठेवावी. पाण्यावर पंख्याचा झोत सोडल्यास कोरड्या हवेत बाष्पीभवनाने, कूलरप्रमाणेच, तापमान काही अंशांनी उतरते. उडालेल्या पाण्याबरोबर क्षार जात नाहीत, त्यामुळे तेवढी भर आरओच्या शुद्ध पाण्याने घालावी. वीज गेल्यास बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा.

आहार : गोल्डफिशला जठर नसते. तो सतत अन्न शोधतो, म्हणून मागेल तितके देणे घातक. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच बुडणारे दाणे द्यावेत. आठवड्यातून एकदा उकडून सोललेला वाटाणा द्यावा. पाव, बिस्किट व मुरमुरे देऊ नयेत. आखूड शरीरात आतडे व वाताशय दाटीने बसलेले असतात. अतिखाण्याने मासा तोल जाऊन उलटा तरंगू लागतो.

आजार : अंगावरील पांढरे ठिपके, कुजणारे पर, उभे राहिलेले खवले, पृष्ठभागावर येऊन हवा गिळणे ही धोक्याची लक्षणे. औषधाआधी पाण्यातील अमोनिया तपासावा व थोडे पाणी बदलावे. बऱ्याच तक्रारींचे मूळ तिथेच असते. नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा.

मार्गदर्शन व जबाबदारी : लातूर जिल्ह्यात उदगीर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. मत्स्यविज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमात शोभिवंत माशांच्या संगोपनाचाही समावेश असतो. नको झालेला मासा गोदावरीत, मांजरेत किंवा गावतळ्यात सोडू नये. गोल्डफिश तळ ढवळून पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो आणि रोगजंतू स्थानिक माशांपर्यंत नेऊ शकतो. तो दुकानदाराला परत करावा किंवा टाकी असलेल्या दुसऱ्या पालकाला द्यावा.