सारण बदलले, नाव टिकले

पिठाच्या पारीत सारण भरून उकडण्याची युक्ती प्रथम कोणास सुचली, या वादात शिरण्याचे कारण नाही. उकडीचा मोदक वळणाऱ्या मराठी गृहिणीस ती दूरदेशाहून शिकावी लागली, असे कोणी म्हणत नाही. परंतु ‘मानतौ’ या चिनी नावाचे नातलग मात्र शोधण्याजोगे आहेत.

चिनी आख्यायिका सांगते, की तिसऱ्या शतकातील मुत्सद्दी झूगे लियांग याने नदीस नरमुंडांऐवजी मांस भरलेले कणकेचे गोळे वाहिले. कथा सुरस खरी. पण ती ग्रंथात उतरली ती कित्येक शतकांनी, सोंग काळात. त्याहून भरवशाचा पुरावा तुर्फानजवळील अस्ताना येथील थडग्यांत मिळाला. तेथील कोरड्या हवेत तांग काळातील (इ.स. 618–907) करंजीसारखे पदार्थ आजवर शाबूत राहिले आहेत.

हेच नाव कोरियात ‘मान्दू’, तर तुर्कस्तानात ‘मांती’ होऊन वावरते. डुकराचे मांस निषिद्ध मानणाऱ्या मुस्लिम समाजांत सारण मेंढीच्या मांसाचे झाले. कायसेरी शहरी तर चमच्यात चाळीस मावतील, इतकी इवली मांती करणारीच सुगरण ठरते. जपानी परंपरेनुसार 1349 मध्ये लिन जिंगयिन हा चिनी गृहस्थ नारा येथे आला. तेथील बौद्ध भिक्षूंना मांस वर्ज्य, म्हणून त्याने तांबड्या चवळीवजा कडधान्याचे पुरण भरले. ‘मांजू’ गोड झाला तो असा.

आणि उत्तर चीनमध्ये आज ‘मानतौ’ मागितल्यास ताटात येतो नुसता उकडलेला पाव. त्यात सारणच नसते.