कळ दाबली, अक्षर उमटेना : मराठी कळफलकाची गोष्ट



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, हा दुरुस्तीवाला इतिहासावर काय बोलणार? खरं आहे. मी काही इतिहासकार नाही. पंचवीसेक वर्षं अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी, वागदरी या भागांत संगणक दुरुस्त करत फिरलो. मोटारसायकलच्या डिकीत एक स्क्रू-ड्रायव्हर, एक जादा कीबोर्ड आणि सीडींची थप्पी. फोन यायचा, "सर, कीबोर्ड चालेना. मराठी उमटेना." जाऊन बघावं तर दहापैकी आठ वेळा कीबोर्ड धडधाकट. मग बिघाड कुठे? तो शोधता शोधता मी मागे मागे जात राहिलो आणि इतिहासात येऊन पोचलो. तेच आज सांगतो.

सुरुवात टाइपरायटरपासून करू. रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणलेलं यंत्र इंग्रजीसाठी होतं. सव्वीस अक्षरं, एकामागून एक. आपली देवनागरी तशी नाही. काना पुढे, वेलांटी मागे, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, वर जोडाक्षरं. हे सगळं चाळीस-पंचेचाळीस कळांत बसवायचं होतं. मग काय केलं? अक्षरांचे तुकडे केले. अर्धा 'श' एका कळीवर, काना दुसऱ्या कळीवर. दोन्ही मारले की पूर्ण 'श' व्हायचा. 'ण' तसाच. आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागदावर ती आधी दिसते. 'दिन' लिहायचं तर आधी वेलांटी, मग द, मग न. यंत्राला उच्चाराशी काही देणंघेणं नव्हतं, ते फक्त आकार छापत होतं.

१९५५ मध्ये गोदरेजने भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली. १९६४ चा राजभाषा अधिनियम आला आणि सरकारी कामकाजात मराठीला कायद्याचं बळ मिळालं. तालुक्या-तालुक्यांत टायपिंगचे क्लास निघाले. तीस शब्दांचं प्रमाणपत्र, चाळीस शब्दांचं प्रमाणपत्र. त्या कागदावर किती घरं उभी राहिली, ते इथे बसलेल्या ज्येष्ठांना मी सांगायला नको. बोटांना ती सवय लागली आणि ती बोटं पुढे तीस-तीस वर्षं कचेरीत राहिली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता संगणक. आयआयटी कानपूरमध्ये १९८०च्या दशकात भारतीय लिप्यांवर काम सुरू झालं, त्यातून 'जिस्ट' नावाचं तंत्र निघालं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि ते काम तिकडे गेलं. संगणकात जिस्टचं कार्ड बसवलं की डॉसवरच्या वर्डस्टारमध्ये, डीबेसमध्ये मराठी दिसायची. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक ठरवला, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने 'इस्की' या संकेतप्रणालीबरोबर त्यालाही मानकात जागा दिली.

इनस्क्रिप्टची गंमत अक्कलकोटकरांना पटकन कळेल. इथे घरात कन्नड, बाजारात मराठी, असं निम्म्या तालुक्याचं आहे. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. मराठीचा 'क' ज्या कळीवर, कन्नडचा 'क'ही त्याच कळीवर. एक शिका, दुसरी फुकट. कारण ही मांडणी आकारावर नाही, उच्चारावर उभी आहे. 'दि' लिहायचा तर आधी द, मग वेलांटी. जसं बोलतो तसं.

म्हणजे एकाच देशात दोन पद्धती झाल्या. बोटं शिकली होती आकाराने, नवं मानक सांगत होतं उच्चाराने. माझ्याकडे आलेल्या निम्म्या तक्रारी या एका फटीतून आल्या.

मधल्या काळात तिसरं प्रकरण आलं, फॉन्टचं. विंडोज आलं, छपाईची दुकानं निघाली, आणि कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, आकृती असे फॉन्ट आणि पॅकेजेस आली. यातल्या कृतिदेवसारख्या फॉन्टची युक्ती साधी होती. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजीच लिहितोय, फक्त अक्षराचं चित्र मराठी. कृतिदेवमध्ये 'राम' लिहिलं तर संगणकाच्या पोटात असायचं जे, के, ई. तोच फॉन्ट दुसऱ्या मशीनवर नसला की पडद्यावर 'जेकेई' दिसायचं. लोक म्हणायचे व्हायरस आला! व्हायरस वगैरे काही नाही, फॉन्ट नाही एवढंच. पण या युक्तीमुळे टायपिस्ट वाचले. जुनी बोटं, जुनी मांडणी, नवं मशीन. म्हणून हे फॉन्ट इतके रुजले. किंमत मात्र नंतर मोजली. त्या काळच्या फायली आज शोधता येत नाहीत, नावाप्रमाणे लावता येत नाहीत. रूपांतर केल्याशिवाय त्या मुक्या आहेत.

काही पॅकेजना तर प्रिंटरच्या पोर्टात एक लॉक लावावं लागायचं. झाडलोट करताना ते सैल झालं की मराठी गायब. मराठी-इंग्रजी बदलायला एखादी लॉकची कळ नेमलेली असायची. तिला चुकून हात लागला की, "कीबोर्ड गेला."

मग युनिकोड. १९९१ मध्ये पहिली आवृत्ती आली, देवनागरीची रचना इस्कीवरूनच घेतलेली. विंडोज २००० बरोबर 'मंगल' फॉन्ट आला. तो काढला रघुनाथ कृष्ण जोशी यांनी. मराठीतले कवी, सुलेखनकार. २००८ मध्ये ते गेले. जगभरातल्या संगणकांवर देवनागरी ज्या अक्षरांत दिसली ती एका मराठी माणसाच्या हातची, हे किती जणांना ठाऊक आहे?

पण एक्सपीत ही सोय आपोआप चालू नव्हती. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन, भाषांच्या सेटिंगमध्ये एका चौकटीत टिक करायची, आणि मग मशीन एक्सपीची सीडी मागायचं. सीडी कुणाकडे? मशीन घेतलं तेव्हा कपाटात ठेवलेली, कपाटाची किल्ली बदली झालेल्या साहेबांकडे. म्हणून माझ्या डिकीत ती थप्पी असायची. आणखी एक. वर्डमध्ये मराठी चालू केली आणि एक्सेलमध्ये गेलं की परत इंग्रजी, कारण एक्सपी प्रत्येक प्रोग्रॅमची भाषा वेगळी लक्षात ठेवतो. आणि 'सीटीएफमॉन' नावाची फाईल व्हायरस समजून कुणी बंद केली, तर भाषेची पट्टीच नाहीशी.

आता एक प्रसंग. एका कचेरीत एक बाई होत्या, टायपिंगमध्ये पटाईत. नवीन मशीनवर युनिकोड आलं आणि त्यांची प्रत्येक पहिली वेलांटी एका ठिपक्यांच्या गोलावर बसायला लागली. साहेबांनी दोनदा कीबोर्ड बदलला. मी गेलो तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, आता माझ्याच्यानं होत नाही वाटतं. सांगा साहेबांना, दुसरी मुलगी बघा." मी बघितलं, त्या वेलांटी आधी मारत होत्या. वीस वर्षं मारत होत्या तशीच. त्यांचं काही चुकत नव्हतं, मशीनची पद्धत बदलली होती आणि ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग टाइपरायटरच्या मांडणीने युनिकोड लिहिता येईल असा कळफलक बसवून दिला. अर्ध्या तासात एक पत्र काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. मंडळी, मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात ती अर्ध्या तासाची गोष्ट मोठी आहे. यंत्राची मांडणी बदलताना माणसाला सांगायचं राहून गेलं, तर कमीपणा माणसाच्या माथी येतो.

आणि भाषेच्याही येतो. मराठीचा खास अर्धा र घ्या, 'शेतकऱ्यांना' मधला. तालुक्याच्या कचेरीत दिवसातून शंभरदा लागणारा शब्द. साधा र, हलन्त आणि य दाबलं तर 'शेतकर्यांना' होतं, रफार यवर चढतो. इनस्क्रिप्टवर त्यासाठी शिफ्ट धरून रची कळ दाबायची, मग हलन्त, मग य. हे न सांगितल्यामुळे एका संस्थेच्या पत्रकात आचाऱ्यांना द्यायचं मानधन 'आचार्यांना' जाहीर झालेलं मी पाहिलंय. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. एका कळीचा फरक. तसाच 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि एक्सपी २००१ चा. म्हणून जुन्या मशीनवर 'ॲडव्होकेट' लिहून आलेलं पत्र उघडलं की पहिलं अक्षर चौकोन. कीबोर्ड बदलून ते येणार नाही, फॉन्ट नवा पाहिजे.

तर उद्या तुमच्या शाळेतल्या, ग्रामपंचायतीतल्या जुन्या मशीनवर असं झालं, तर या क्रमाने बघा. आधी नोटपॅड उघडून इंग्रजी टाइप करा. काहीच येत नसेल तर वायर, पिन आणि धूळ बघा. गोल पिनेचा कीबोर्ड असेल तर मशीन बंद करूनच पिन काढा-घाला. लॅपटॉपवर अक्षरांऐवजी आकडे आले तर नम लॉक. कळ बराच वेळ दाबून धरल्यावरच अक्षर येत असेल तर फिल्टर कीज चालू झाल्यात, उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली की ते होतं. इंग्रजी नीट येतंय आणि मराठी नाही, तर कीबोर्डला हात लावू नका. भाषा कोणती निवडलीय, मांडणी कोणती, फॉन्ट कोणता, एवढंच बघा.

आणि शेवटची विनंती. जुने फॉन्ट वापरलेल्या फायली ज्यांच्याकडे असतील, ठरावांच्या, इतिवृत्तांच्या, कुणाच्या कवितांच्या, त्या युनिकोडमध्ये फिरवून घ्या. तो फॉन्ट असलेलं मशीन चालू आहे तोवर हे सोपं आहे. मशीन भंगारात गेलं की तुमच्या गावाची वीस वर्षं 'जेकेई' होऊन पडतील, आणि तिथे 'राम' लिहिलं होतं हे सांगायला कुणी नसेल.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.